गाडी दस्तुरीपर्यंतच

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. उंचावरून खाली बघायची मला भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल याची वाटते. चाळिशी उलटली तरी गाडी शिकले नाही, कारण समोरून ट्रक येतो. पुण्यात एका संशोधन संस्थेत मी पेशी वाढवायचं काम करते. माणसाच्या कातडीतल्या पेशी बशीत ठेवायच्या, उबदार कपाटात जपायच्या, त्यांना वेळच्या वेळी खायला घालायचं. बशा चावत नाहीत आणि फार उंचही नसतात, म्हणून या नोकरीत वीस वर्षं टिकले.

अशा बाईने गेल्या जानेवारीत तीन दिवस कर्जत-खालापूर केलं. या भागात लोक माथेरानला नाहीतर कुणाच्या शेतघरावर मजा करायला येतात. मी गेले होते एक कातडीचा तुकडा आणायला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा, आणि तो माझ्या मामेभावाच्या दंडातून काढायचा होता.

मामेभाऊ म्हणजे संदेश, वय एकतीस. नेरळ ते माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी चालवायचा. त्याचे वडील, म्हणजे माझा मामा, छत्तिसाव्या वर्षी गेला. आधी हाताची बोटं वाळली, मग पाय, मग श्वास. त्याच्या आधी आजोबांचंही तसंच झालं होतं. आता संदेशचा उजवा हात वाळायला लागला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी जनुकाची तपासणी केली, तर एक प्रथिन कसं बनवायचं त्या कृतीत, अगदी शेपटाकडे, एक अक्षर बदललेलं निघालं. पण अहवालाखाली लिहिलं होतं, ‘अर्थ अनिश्चित’. म्हणजे तो बदल दोषी की निर्दोष, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच बघतात. जिवंत पेशी वाढवायच्या आणि ते प्रथिन आपल्या जागी पोचतं की नाही, हे भिंगाखाली पाहायचं. परवानग्या झाल्या, कागदावर सह्या झाल्या, आणि तुकडा आणायला मी निघाले.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती. माझी आई मामाची सख्खी बहीण. मी सात वर्षांची असताना ती पाताळगंगेत बुडून गेली, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. तिच्यात तो आजार होता की नव्हता हे कळायला वेळच मिळाला नाही. तिच्यात असला, तर माझ्यात असण्याची शक्यता निम्मी. घरात बरणीचं झाकण घट्ट बसलं की मी भीत भीत ते उघडायला जाते, आणि उघडलं की त्या दिवसापुरती सुटते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही.

नेरळ

संदेश स्टेशनबाहेर उभा होता. त्याने माझी बॅग बोटांनी न धरता कोपरात अडकवून उचलली. थर्माकोलचा डबा मात्र मी दिला नाही. त्यात गुलाबी पोषकद्रवाची बाटली आणि गारव्याच्या पिशव्या होत्या.

“डॉक्टर चारला येनार हाय,” तो म्हणाला. “तवर दस्तुरीला जाऊन येऊ.”

“तू चालवणार?”

“दिवाळीपासून सवारी घेत नाय मी. गाडी दोस्ताला दिलीय. आज तुज्यासाठी मागून आनली.”

“म्हणजे प्रवाशांच्या जिवाची काळजी, आणि माझ्या जिवाचं काय?”

“तू घरची हायस ना, ताई,” तो हसून म्हणाला. घरच्या माणसाला दरीत पाडायला परवानगी लागत नाही, असा त्याचा अर्थ असावा.

ज्यांनी नेरळचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खंडाळ्याचा घाट रुंद आहे, माणसाळलेला आहे. नेरळचा घाट म्हणजे डोंगराला चिकटवलेली एक फीत. वळणावर गाडीचं नाक आभाळाकडे जातं आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काहीच नाही, आणि पुढच्या वळणावर त्यांची अदलाबदल. चालक प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवतात, वरून कोण येतंय ते कळावं म्हणून. संदेशही वाजवत होता, पण मनगटाने. गिअर तळहाताच्या टाचेने ढकलत होता. मी खिडकीबाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे नजर त्याच्या हातावर गेली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे आपल्याकडे एक मऊ फुगवटा असतो. त्याच्या उजव्या हाताला तिथे खड्डा होता, आणि त्या खड्ड्यातली कातडी आपली आपण फडफडत होती.

घाटातल्या जुम्मापट्टी स्टेशनाच्या पुढच्या एका वळणावर स्टिअरिंगचं चाक त्याच्या हातून निसटलं. गरकन अर्धं उलटं फिरलं आणि गाडी कठड्याकडे गेली. मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा त्याने दोन्ही कोपरांनी चाक कवटाळलं होतं आणि गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती.

“बघितलंस?” तो दम खात म्हणाला. “हे रिपोर्टमधी दिसत नाय. म्हनून तुला आनलं.”

मी त्याच्यावर भयंकर चिडले. असला शहाणपणा मला आवडत नाही, असं त्याला सांगितलं. उतरून चालायचीही सोय नव्हती, कारण रस्त्यावर माकडं होती.

दस्तुरीला पोचलो तेव्हा मी आधी जमिनीवर उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. कुठलीही गाडी असो, कितीही मोठ्या माणसाची असो, इथेच थांबते. पुढे माथेरानात जायचं तर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा हल्लीच्या ई-रिक्षात. सामान हमालाच्या डोक्यावर. नाक्यावर कर भरून पावती घ्यायची. मी चिक्कीचं पुडकं काढलं आणि फोडायच्या आत माकडाने ते नेलं. संदेश पोट धरून हसला.

कठड्यावर बसून त्याने विचारलं, “ताई, हे तुमी नेमकं बघनार काय?”

मी सांगायला लागले. पेशीत प्रथिनं बाहेरच्या अंगणात तयार होतात. पण काहींचं काम आत असतं, केंद्रकात, जिथे सगळ्या अंगाच्या कृती जपून ठेवलेल्या असतात. केंद्रकाला भिंत आहे, भिंतीला शेकडो दारं आहेत. लहानसहान कण दारातून सहज जातात. मोठं प्रथिन एकटं जाऊ शकत नाही, त्याला न्यायला वाहक प्रथिन लागतं.

“हमाल,” तो म्हणाला.

“हो, हमाल. आणि कुठलं सामान आत न्यायचं, हे हमालाला कळतं ते सामानाला शिवलेल्या चिठ्ठीवरून. तुझ्या त्या प्रथिनाची चिठ्ठी शेपटाला असते.”

“आनि आत गेल्यावर हमाल वझं टाकतो कसा? त्याला कसं कळतं की आत आलो?”

हा प्रश्न एम. एस्सी.ची मुलंसुद्धा विचारत नाहीत. मी म्हटलं, “आत त्याच्या हातावर एक गोष्ट ठेवतात. ती फक्त आतच मिळते. ती हातात पडली की तो ओझं सोडतो आणि ती घेऊन बाहेर येतो. बाहेर आला की ती खर्च होते, आणि तो पुढचं ओझं उचलायला मोकळा.”

“म्हंजे आपल्या हमालासारखाच. हाटेलच्या दारात पैसे मिळाल्याबिगर बॅग सोडत नाय.” त्याने वळून घोड्यांकडे पाहिलं. “मग माजी चिठ्ठी फाटलीय?”

“एक अक्षर बदललंय. हमालाला ते वाचता येतं की नाही, तेच बघायचंय.”

“आनि नसंल येत तर?”

“तर सामान इथेच पडून राहतं.”

त्याने उभ्या गाड्यांकडे बोट दाखवायचा प्रयत्न केला. बोट अर्धंच उठलं. “म्हंजे आत हाटेलवाल्याकडं चूल पेटवायला काय नाय, आनि हितं बॅगांचा ढीग. मानूस कशानं मरतो गं? आत नाय म्हनून, का हितं ढीग झाला म्हनून?”

“दोन्हीने मरत असेल,” मी म्हटलं. “अजून नक्की कुणालाच माहीत नाही, संदेश.”

“आधी हे कळू दे, मग लग्नाचं बघू, असं आईला सांगितलंय,” तो म्हणाला. उतरताना मी सबंध घाट डोळे मिटून बसले आणि त्याने एकदाही थट्टा केली नाही.

चार वाजता कर्जतला डॉक्टरांनी त्याचा डावा दंड बधिर केला, एक गोल पातं टेकवून फिरवलं, आणि तुकडा गुलाबी पाण्यात टाकला. दोन टाके पडले. मी बाटली डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन कडावला गेले.

कडाव

कडावला मामी राहते. मामा गेल्यापासून एकटीने दूध डेअरी सांभाळते. सकाळ-संध्याकाळ गावातलं दूध गोळा करायचं, पुढे पाठवायचं, आणि पुढच्या खोलीत दही, ताक आणि आइस्क्रीम विकायचं. भाताची कापणी होऊन गेली होती. रिकाम्या खाचरांत वालाचे वेल हिरवेगार होते. रात्री तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच छातीतली धडधड थांबली.

आमच्या पुण्यात पाहुण्याच्या पिशवीला कुणी हात लावत नाही. पाहुणा जाईपर्यंत ती कोपऱ्यात तशीच बसून असते. मामीकडे उलट. पाहुण्याचं सामान म्हणजे घरचं सामान. मी आंघोळीला गेले तेवढ्यात माझ्या साड्या दोरीवर, पुण्याहून आणलेली बाकरवडी बरणीत, चप्पल धुऊन पालथी. मला हे सुखाचं वाटलं, कबूल करते. नीट काही विचारायचं भान राहिलं नाही आणि मी झोपून गेले.

सकाळी मामीने खरवस पुढे ठेवला. जायफळाचा वास, वर केशराची काडी, सुरीने कापावा असा घट्ट.

“मामी, कुठली म्हैस व्यायली?”

“आता कुठली? हा गनपतीच्या आधीचा चीक हाय. फ्रीजरमधी ठेवला का आठ महिने ऱ्हातो. तू येनार म्हनून राखून ठेवलावता.” मग तिने अभिमानाने जोडलं, “तुजं ते पन तिथंच ठेवलंय. डब्यातल्या पिशव्या कोमट झाल्या व्हत्या गं. म्हटलं पोराचं कातडं नासायचं.”

घास माझ्या तोंडातच राहिला.

आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये, चिकाच्या दोन बाटल्यांच्या मधे, माझी बाटली उभी होती. आतलं गुलाबी पाणी दगड झालं होतं. पेशी अशा गोठल्या की त्यांच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाची टोकं त्यांना फाडून टाकतात. थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही, हे मी वीस वर्षं नव्या मुलांना शिकवते. मामीला सांगायचं राहिलं होतं.

आणि मला तेव्हा काय वाटलं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं वर्णन खोटं ठरेल. मला सुटल्यासारखं वाटलं. तुकडा मेला म्हणजे बघायचं टळलं. बघायचं टळलं म्हणजे अर्थ अनिश्चितच राहिला. संदेशचाही आणि माझाही. बाटली हातात धरून मी फ्रीजरपाशी उभी होते आणि मनात खूश झाले होते. त्याची मला आजही लाज वाटते.

मामीला कळलं तेव्हा ती खालीच बसली. “मी नवरा बघितलाय गं असा जाताना,” ती म्हणाली. “घास भरवला, कूस बदलली, सगळं केलं. म्हटलं ह्या येळेला तरी माज्या हातून काय चुकू नये. आनि चुकलंच.”

“तुजं काय चुकलं नाय, आये,” संदेश दारातून म्हणाला. टाके घातलेला हात त्याने छातीशी धरला होता. “दुसरा दंड हाय की. त्यो पन माजाच हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “डॉक्टर उद्या सकाळी हायत. ऱ्हाशील ना ताई?”

राहते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

खालापूर

दिवस मोकळा पडला. मॅडमना घराण्याची माहिती हवी होती, कोण कितव्या वर्षी गेलं, कसं गेलं. आईच्या नावापुढे मी ‘अपघात’ एवढंच लिहिलं होतं. मामी म्हणाली, “हमीदाला जाऊन भेट. तुजी आई तिच्याकडंच शिवन शिकायची. मानूस चांगलं हाय.”

आई होती तोवर आम्ही खालापुरात राहायचो, कारण वडील खोपोलीच्या कारखान्यात होते. आई गेली आणि वडिलांनी मला घेऊन पुणं गाठलं. त्यानंतर चौतीस वर्षांत मी खालापूरला पाऊल ठेवलं नव्हतं. एस.टी.तून उतरले तेव्हा ओळखीचं काही सापडेल म्हणून बघत राहिले. सापडला तो एका गल्लीतला उतार आणि उतारावरून दिसणारा नदीचा तुकडा. पाणी इतकं थोडं होतं की मला राग आला. एवढ्याशा पाण्यात माणूस बुडतं कसं?

हमीदाखाला, म्हणजे हमीदामावशी, सत्तरीच्या असतील. शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या मला बघतच राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि घावनं, नारळाचं दूध आणि गूळ घेऊन आल्या.

“आधी खा,” त्या म्हणाल्या. “तुज्या आईला लय आवडायची.”

मी खाल्लं. मग कागद काढला आणि विचारलं, “खाला, आई गेली तेव्हा आजारी होती का?”

“आजारी नाय. पन हातातनं पडायचं तिच्या. कातर पडायची. सुईत दोरा मीच ओवून द्यायची. त्याच्या आदल्या पावसाळ्यापास्नं बटनाची काजं करायचं तिनं सोडलंच व्हतं. मी म्हनायचे, चष्मा घे गं.”

माझं पेन थांबलं. “कुठला हात?”

त्यांनी माझाच उजवा हात हातात घेतला, उलटा केला, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या फुगवट्यावर अंगठा दाबला. “हितं खळगा पडला व्हता. मी तेल लावून चोळायचे.”

खोलीतलं सगळं जरा लांब गेलं, यंत्र, गणवेश, त्यांचा चेहरा. आजवर माझी शक्यता चारात एक होती. त्यांच्या अंगठ्याखाली ती दोनात एक झाली. मला पळून जावंसं वाटत होतं.

खाला बोलतच होत्या, पण आता माझ्याकडे बघत नव्हत्या. “त्या दिवशी मी तिच्यासंगंच व्हते. कपडे धुवायला गेलो व्हतो. लुगडं व्हाऊन चाललं म्हनून ती फुडं गेली, आनि पाय सरकला. वर पाऊस झाला असंल, पानी वाढलेलं. मी दगडावर पडून तिचा हात धरला. धरला व्हता गं मी. लोक धावून येतील एवढा येळ मी धरला. पन तिनं धरला नाय. माज्या हातातनं तिची बोटं अशी निघून गेली, ढिली. तिनं सोडलं.” त्यांनी यंत्रावरचा गणवेश बाजूला सारला. “घरात तवा भांडनं चालायची. मला वाटलं, तिला जगायचंच नाय. मी कुनाला बोलले नाय, तुज्या बापाला नाय, माज्या घरात नाय. मैतरनीनं जीव दिला असं कुनाला सांगू?”

मी संदेशचं चाक डोळ्यांपुढे आणत होते, गरकन उलटं फिरलेलं.

“खाला,” मी म्हटलं, “तिने सोडला नाही. तिला धरताच येत नव्हतं.”

“म्हंजे?”

“आजार होता तो. कातर पडायची ना? सुई धरता यायची नाही ना? मामाला झाला तोच. तिच्या बोटांत ताकदच नव्हती. तिने धरला असणार हो, सगळ्या जिवानिशी धरला असणार. पण तुम्हाला ते जाणवलं नसणार.”

त्यांनी तोंडाला पदर लावला आणि रडल्या. बराच वेळ रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि इतकी भेदरले होते की त्यांचा हात मी धरलाय की त्यांनी माझा, हे मला सांगता येणार नाही. निघताना त्यांनी मला उंबऱ्यात थांबवलं. “मग पोरी, तुला?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. हे मी कुणापुढेही पहिल्यांदाच बोलले होते.

पुन्हा कर्जत

सकाळी डॉक्टरांनी संदेशचा दुसरा दंड बधिर केला. मी दवाखान्याबाहेर जाऊन मॅडमना फोन लावला आणि आईचं सगळं सांगून टाकलं. मॅडम एरवी फटकळ आहेत, पण तेव्हा त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुझाही तुकडा दे असं मी म्हणणार नाही. तुला द्यायचा असेल तरच दे. कागद पाठवते, नीट वाचून सही कर. आणि निकाल बघण्याआधी समुपदेशकाला भेटायचं, ही माझी अट.”

कागद फोनवर आला, वाचून सही केली आणि मी बाही वर केली. सुईला मी घाबरते हे सांगायची गरज नसावी. संदेश शेजारी बसला होता. त्याचा हात माझ्या हातावर होता, वजन होतं, पकड नव्हती.

“भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” तो म्हणाला. “आज तरी मागं बघून घे त्याच्याकडं.”

दोन बाटल्या, एक डबा. या वेळी मी तो कुणालाही उचलू दिला नाही. मामीने डब्यावर खडूने मोठ्या अक्षरात ‘फ्रीजरमध्ये ठेवू नये’ लिहून ठेवलं होतं.

पुणे

पेशी वाढायला सहा आठवडे लागले, तेवढ्यात समुपदेशकाची भेटही झाली. त्या सहा आठवड्यांत मी एकही बरणी उघडली नाही. नवऱ्याला सांगायची, तूच उघड.

बशा तीन होत्या. एक संदेशची, एक माझी, एक घराण्याबाहेरच्या निरोगी माणसाची. कुठली कुणाची हे एका सहकाऱ्याने चिठ्ठीत लिहून पाकीट बंद केलं होतं. ते प्रथिन भिंगाखाली हिरवं दिसेल असा रंग आम्ही घालतो. केंद्रक निळं दिसतं. हिरवं निळ्याच्या आत दिसलं की सामान पोचलं.

पहिल्या बशीत सगळं हिरवं आत होतं. प्रत्येक पेशीत, गोल, भरलेलं, बाहेर काळोख.

दुसऱ्या बशीत हिरवं बाहेर पसरलं होतं. केंद्रकात थोडंफार होतं, पण बरंचसं अंगणात, कुठे कुठे ठिपक्यांचे ढीग. मी दस्तुरी पाहिली होती, त्यामुळे मला ते फार नीट दिसलं.

तिसरी बशी भिंगाखाली ठेवायला मला अर्धा तास लागला. तिच्यातही हिरवं बाहेर दिसलं, तर संदेश आणि मी दोघंही बुडालो. आत दिसलं, तर बाहेरचं एकट्याचं होतं, आणि ते कुणाचं हे त्याच्या वाळलेल्या हाताने आधीच सांगितलं होतं. पाकीट उघडायची गरजच नव्हती. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी बघू का?” मी नको म्हटलं.

आत होतं. सगळं आत होतं.

मी खुर्चीतच रडले. आधी आनंदाने, मग त्या आनंदाच्या शरमेने. पुढे माझी जनुकाची तपासणीही झाली, त्यात तो बदल नव्हता. पण मला खरं ते त्या दिवशीच कळलं. रस्त्यावर येऊन मी संदेशला फोन लावला.

“तुजं काय आलं?” त्याने विचारलं. स्वतःचं नाही, माझं आधी विचारलं.

“माझं बरं आलं.”

“आनि माजं हितंच थांबलंय, पार्किंगला.”

“हो.” औषध निघालेलं नाही, प्रयत्न चाललेत, हे त्याला माहीत होतं. म्हणाले, “संदेश, मला माफ कर.”

“कशापायी? तुजी चिठ्ठी वाचता आली यात तुजी काय चूक?” मग त्याने विचारलं, “ताई, तुला गाडी येते का गं?”

“नाही. माहीत आहे ना तुला.”

“मग शिक. माजे हात हायत तवर घाट मी शिकवतो. पुढं मला वर कोन नेनार?”

पुन्हा नेरळ

पुण्यात क्लास लावला. दोनदा परीक्षेत नापास झाले, एकदा एका टपरीला धडकले. दिवाळीच्या आधी परवाना मिळाला आणि मी नेरळला गेले. संदेश आता काठी घेऊन चालतो. त्याचा सीटचा पट्टा मी लावला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, सुलटे, ओंजळ धरल्यासारखे.

त्या घाटाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मला तो दिसलाच नाही. दिसले ते फक्त पुढचे दहा फूट. घामाने चाक ओलं झालं होतं. जुम्मापट्टीच्या पुढच्या त्या वळणावर मी थांबले आणि म्हटलं, मला जमणार नाही, उलटं फिरू. तो म्हणाला, “हितं उलटं फिरता येत नाय. दुसऱ्या गिअरवर घे.” मी दुसऱ्यावर घेतली. चाक हातात घट्ट धरलं. माझी बोटं दुखेपर्यंत धरलं, आणि दुखतायत हे कळत होतं.

दस्तुरीला पोचल्यावर मी गाडी बंद केली. तो तसाच बसून राहिला. मग माझ्या लक्षात आलं की त्याला दार उघडता येत नाही. मी पलीकडे गेले, दार उघडलं, पट्टा सोडला, काखेत हात घालून त्याला उभं केलं.

“एकाबी वळनावर हॉर्न मारला नाय तू,” तो म्हणाला.

उतरताना मी प्रत्येक वळणावर वाजवला.